शिरूरची हजेरी

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. आमचे बिभीषण सर भूगोल शिकवतात. ते म्हणतात, "आम्रपाली, ज्वालामुखीच्या तासाला तू पहिल्या बाकावर बसत जा, मला फळ्यावर आकृती काढायचं काम उरत नाही." तर त्या दिवशी सकाळी सहा वाजता, तेलगावच्या कॉलेजातल्या ज्या वर्गात आमच्या मुक्कामाची सोय केलती तिथं, मी नऊवारी नेसून, नाकात नथ अडकवून सरांवरच ओरडत होते.

"तिघं! सर, तिघांना घेऊन कसली हजेरी लावता? पाच लागतात!"

सर आमच्या ओळखपत्रांना रबर लावत बसले होते. "मला मोजता येतं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा दिसत होता.

आता हे हजेरीचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमचं विद्यापीठ लई मोठं, चार जिल्ह्यांत पसरलेलं. दिवाळी झाली की त्याचा युवा महोत्सव भरतो. कुठल्यातरी एका कॉलेजात मांडव पडतो आणि शेकडो कॉलेजांची पोरं तिथं येऊन धडकतात. नाटकं, गाणी, पोवाडे, सगळं असतं, पण खरी इज्जत ठरते पहिल्या दिवशी, हजेरीला. मंचावरून कॉलेजाचं नाव पुकारतात. नाव आलं की त्या कॉलेजाच्या पोरांनी ताडकन उभं राहून आपली आरोळी ठोकायची. कमीत कमी पाच जण उभे पाहिजेत, नाहीतर गैरहजर. आरोळी दणक्यात झाली की पुढचे चार दिवस चहाच्या टपरीवरसुद्धा तुम्हाला बसायला जागा देतात. फुसकी निघाली की चार दिवस मान खाली घालून फिरा.

आणि आमच्या शिरूर कासारची आरोळी तर आम्ही देतच नव्हतो, दुसरेच देत होते! दिवाळी सरली की आमच्याकडं मुकादमांचे ट्रक लागतात. निम्मा तालुका ऊसतोडीला जातो आणि कॉलेजातली निम्मी पोरं आईबापाबरोबर त्याच ट्रकमध्ये चढतात. मग हजेरीला उभं राहणार कोण? एका वर्षी मांडवातून कुणीतरी टवाळ ओरडला, "गेले उसाला!" लोक हसले. पुढच्या वर्षी पन्नास जण ओरडले. आता ती परंपराच होऊन बसली. मंचावरून "शिरूर काऽऽसार" आलं रे आलं की अख्खा मांडव एका दमात, "गेलेऽऽ उसाला!" काही जण तर जेवायला उठलेले असतात, ते एवढ्यासाठी परत येऊन बसतात.

लागोपाठ दोन वर्षं आमची गैरहजेरी लागली होती. तिसऱ्यांदा लागली की नियमानं कॉलेजाचं नाव महोत्सवाच्या यादीतून कमी. मग ना नाटक, ना गाणं. शिरूरची पोरं विद्यापीठात कशालाच नाहीत, असं कागदावर पक्कं झालं असतं.

आमचे पाच ठरलेले होते. मी, गाणारी ऋतुजा, रामेश्वर, माया आणि मायाचा भाऊ पप्पू. पण मंगळवारी त्यांच्या वस्तीवर ट्रक आला आणि माया-पप्पू गेले. राहिलो तिघं. हजेरीच्या आदल्या रात्री मायाचा मेसेज आला, "आम्ही तेलगावच्याच कारखान्याला आलोत. तुझे आईआबा पण हायेत टोळीत. पप्पूला ताप हाय. समाधान पण हाय."

समाधान! तो मेसेज मी दहा वेळा वाचला. माया आणि समाधान आले तर पाच होत होते. समाधानचं नाव अजून आमच्या पटावर होतं, त्याचं ओळखपत्र सरांच्या त्या रबरात होतं. फॉर्म सरांनी त्याच्या मागं लागून भरून घेतलता. पण वर्षभरात तो एकदाही वर्गात बसला नव्हता, आणि त्याचं कारण मला माहीत होतं.

मागच्या वर्षी महोत्सवाला शिरूरकडून तो एकटा आलता. बाकीचे चार ऐनवेळी उसाला गेले. तरी हा पठ्ठ्या कॉलेजाच्या नावाची पाटी हातात धरून एकटाच उभा राहिला. मांडव गरजला, "गेलेऽऽ उसाला!" तो थोडा वेळ उभा होता. मग त्यानं पाटी पालथी केली, गुडघ्यावर ठेवली आणि खाली बसला.

हे मला कसं माहीत? कारण मी तिथं होते. मागच्या वर्षी मी मावशीकडं राहून गेवराईच्या कॉलेजात शिकत होते. गेवराईच्या घोळक्यात, तिसऱ्या रांगेत, माझी मैत्रीण सुकन्या आणि मी एकमेकींच्या गळ्यात हात घालून ओरडत होतो. माझी स्वतःची आई त्या दिवशी कर्नाटकात ऊस तोडत होती, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी सगळ्यात जोरात ओरडले. यंदा मावशीकडची सोय मोडली म्हणून शिरूरला आले. इथं आल्यावर हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायची हिंमतच झाली नाही.

"सर, मी उसाच्या फडावर जाते," मी म्हणाले. "दोघांना घेऊन येते. अकराला उद्घाटन हाय ना?"

"अगं, ते कामावर असतील."

"मग कामावरून आणते!"

ऋतुजा आणि रामेश्वर माझ्यामागं पळत निघाले. रामेश्वर मेंढरांमागं वाढलेला, त्यानं रस्त्यावर दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ मारली की कारखान्याकडून परत येणारा रिकामा ट्रॅक्टर करकचून थांबला. ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलं, दोन नऊवारी आणि एक गुलाबी फेटा. "वरात कुठं चालली बे?" त्यानं रामेश्वरला विचारलं. टोळीचं नाव सांगितलं तर म्हणाला, तिकडंच निघालोय. नशीब असं जोरावर होतं!

फडावर पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. ऊस निम्मा आडवा पडलेला, पाचटाचा ढीग, त्यात बायका मोळ्या बांधतायत. आईनं मला ओळखलंच नाही आधी.

"अगं बया! कुणाचं लगीन हाय?" ती म्हणाली, आणि मग, "आम्रे? तू व्हय!"

माया तर धावतच आली. "मी येते! आत्ता येते!" तिनं डोक्याचं फडकं सोडलंसुद्धा. समाधाननं मात्र मान वर केली नाही. खाली वाकून खचाखच कोयता चालवत राहिला.

"समाधान, चल. पाच होतात. आज नाव गेलं तर कायमचं जातंय."

"मायाला ने. मी न्हाई येत."

"कावून?"

"गेलतो की मागच्या साली. बघितलं सगळं."

झालं, माझं डोकं फिरलं. "भित्रा हायेस तू! माणसं वरडली म्हणून वर्षभर कॉलेज सोडून बसलास? मी असते तर तिथंच एकेकाचं थोबाड रंगवलं असतं!"

तो सरळ उभा राहिला. कोयत्याचं पातं त्यानं बाहीला पुसलं. "तिसरी रांग," तो शांतपणे म्हणाला. "गेवराईच्या पाटीखाली. पिवळी ओढणी. सगळ्यात वर तुझा आवाज होता, आम्रे."

याला माहीत होतं! त्यानंतर हा मला वस्तीवर कितीदा भेटला, प्रत्येक वेळी जय भीम म्हणाला, आई नसताना गिरणीतून आमचं दळण आणून दिलं, आणि एका शब्दानं बोलला नाही. आणि मी त्याला भित्रा म्हणत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तोंड लपवायला पाचटाचा ढीगही पुरला नसता.

आईचे हात थांबले होते. "काय वरडली ही?"

मग मीच सांगितलं. सगळं सांगितलं.

"आमी कुठं होतो तवा?" आईनं विचारलं.

"कर्नाटकात. उसाला."

"मंग खरंच बोललीस की. उसालाच गेलतो. चोरी कराया गेलतो का काय?" ती माझ्याकडं बघत राहिली. "पण हसलीस का गं?"

"हसले," मी म्हणाले.

"ते चुकलं तुझं," ती म्हणाली आणि परत मोळी बांधायला वाकली.

त्यानंतर मी जी रडले, की नथ निसटून पाचटात पडली. ऋतुजा ती शोधायला लागली, कारण ती तिच्या आत्याची होती. आबा, म्हणजे माझे वडील माणिकराव, लांबून बघत होते. त्यांनी पाण्याची कॅन माझ्यापाशी आणून ठेवली.

मुकादम सुग्रीवमामा मधी आला. "रडणं-पडणं झालं आसंल तर ऐका. ही ट्रॉली साडेधाला निघाली पायजे. दोन माणसं कमी झाल्यावर ती भरायची कुणी? भरून द्या, मंग कुणालाबी न्या."

"माया येती, तिच्यापुरतं काम आम्ही करतो," मी म्हणाले. समाधानला पुन्हा विचारायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मी आईचा कोयता उचलला, नऊवारीचा पदर कमरेला खोचला आणि सरीत शिरले.

सांगते तुम्हाला, नऊवारी ही ऊसतोडीसाठीच बनवली असावी. मला तोड येते, लहानपणी चार सीझन केलेत मी. रामेश्वर मोळ्या उचलून फळीवरून ट्रॉलीत चढवायला लागला, फेटा सोडून त्याचीच चुंबळ केली त्यानं. पण ऋतुजा! तिचं घर किराणा दुकानाचं, तिनं ऊस फक्त रसवंतीवर बघितलेला. तिनं बांधलेली मोळी उचलली की अर्धा ऊस खाली. तीनदा असं झालं. चौथ्यांदा समाधाननं कोयता ठेवला आणि तिच्याजवळ गेला.

"असं न्हाई, ताई. हे वाढं, उसाचा हिरवा शेंडा, पिळून घ्यायचं आधी. आता गुडघ्यानं दाब." मोळी आवळून बसली. ऋतुजा टाळ्या वाजवायला लागली. तिला बघून तो पहिल्यांदा हसला. "आरोळी कोणती ठरली यंदा?" त्यानं सहज विचारलं.

ऋतुजानं छाती भरून घेतली आणि सरांनी रचलेली आरोळी म्हटली. "शिरूर कासार, गुणांचं भांडार, कलेचा आविष्कार, करू चमत्कार!"

"आरं देवा," समाधान म्हणाला. "आसली आरोळी दिल्यावर लोकं आपल्याला स्वतः उसाला सोडून येतील."

अख्खी टोळी हसली. आईसुद्धा. मी मात्र मान खाली घालून तोडत राहिले. हाताला ऊस चिरत होता, चिरू दे म्हटलं.

साडेदहाच्या आतच ट्रॉली भरली. सुग्रीवमामानं वरचा दोर आवळला. माया साडी झटकून तयार झाली. चार झालो होतो, आणि चार म्हणजे गैरहजरच. तरी मी ठरवलं, चौघं तर चौघं, उभं राहायचं. तेवढ्यात समाधान माझ्यासमोर आला. अंगातला शर्ट पाचटानं भरलेला, दंडावर ओरखडे.

"येतो मी. पण या साली पाटी मी न्हाई धरणार," तो म्हणाला. "पाटी तू धरायची."

पाटी धरायची म्हणजे पूर्ण मांडवाला माझं तोंड दिसणार. गेवराईच्या सगळ्यांना, सुकन्याला. वर्षभर मी ज्यांच्यापासून लपले त्या सगळ्यांना.

"धरते," मी म्हणाले.

"जा पळा आता!" आई ओरडली. "आन् तोंड पुस, काळं झालंय!"

परत जायला दुसरं काहीच वाहन नव्हतं, म्हणून आम्ही पाचही जण त्या भरलेल्या ट्रॉलीवर, उसाच्या डोंगरावर चढून बसलो. कारखान्याचा रस्ता कॉलेजाच्या फाटकावरूनच जातो. ड्रायव्हरनं टेप मोठा केला, ट्रॉली डुलायला लागली, माया वाढ्याचा हिरवा तुरा डोक्यात खोचून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत होती. मला इतकी भीती वाटत होती आणि तरी इतका आनंद होत होता, की मी हसतेय का रडतेय ते मलाच कळत नव्हतं. रामेश्वरनं प्रत्येक वळणावर शीळ मारली. रस्त्यावरची कुत्रीपण आमच्यामागं पळाली!

फाटकात बिभीषण सर घामाघूम होऊन उभे. हातात ओळखपत्रं. "पाहुण्यांचं भाषण लांबलं म्हणून वाचलो!" ते ओरडले. "हजेरी सुरू झालीय! वडवणी झालं, आता आपलाच नंबर! उतरा, उतरा!"

आम्ही उसावरून घसरतच उतरलो. ऋतुजाचा अंबाडा सुटलेला, रामेश्वरचा फेटा गळ्यात. सरांनी पाटी माझ्या हातात कोंबली आणि पळत सुटलो. मांडवात बसायला जागा नव्हती, म्हणून मधल्या वाटेतच, सतरंजीवर, ओळीनं उभे राहिलो. पुढं दोन-तीन हजार डोकी. तिसऱ्या रांगेच्या आसपास गेवराईची पाटी, आणि त्याखाली सुकन्या. तिनं मागं वळून बघितलं, मला बघितलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

मंचावरून आवाज आला, "शिरूर काऽऽसार!"

आणि मांडवानं दरवर्षीसारखं, मनापासून, मजेत, "गेलेऽऽ उसाला!"

मी पाटी डोक्याच्या वर धरली. आता आमची आरोळी द्यायची होती. गुणांचं भांडार. हशा सगळ्या बाजूंनी येत होता आणि मला फक्त आईचा प्रश्न ऐकू येत होता, पण हसलीस का गं.

तेवढ्यात शेजारी समाधाननं मान मागं टाकली. मेंढरांना नाही, बैलांना नाही, तर फडाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात ना, तशा आवाजात तो गरजला,

"आलोऽऽ उसातून!"

हशा तुटला. म्हणजे अर्ध्यावरच तुटला. लोकांनी आमच्याकडं नीट बघितलं. काळे हात, साडीला चिकटलेलं पाचट, मायाच्या डोक्यात अजून खोचलेला तो हिरवा तुरा. फाटकाबाहेर ट्रॉली अजून उभी होती, मांडवातून दिसत होती.

समाधाननं परत श्वास घेतला. या वेळी माझा आवाज आपोआप सुटला. आम्ही पाचही जण एकदम, "आलोऽऽ उसातून!"

मंचावरचा निवेदक माईक धरून नुसता उभा. मग तिसऱ्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. सुकन्या. माझी सुकन्या, जी मला नेहमी सांगायची की तिचे वडील पुण्याला कंपनीत आहेत. तिचा चेहरा लालबुंद झालता, हाताच्या मुठी आवळलेल्या.

"आमचे बी!" ती ओरडली. "आमचे बी उसालाच गेलेत!"

वर्षभर आम्ही दोघी एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो, गळ्यात गळा घालून शिरूरला हसलो, आणि दोघींचेही आईबाप उसात होते. दोघींनी एकमेकींना थापा मारल्या! मला तिला चापटी मारावी वाटली आणि मिठी मारावी वाटली.

मग पाटोद्याच्या पाटीखालून एक पोरगा उठला. धारूरचे दोघं उठले. वडवणीचा तर अख्खा घोळका उठला. कोण "आमचे बी" म्हणत होतं, कोण नुसतं उभं होतं, एक मुलगी उभी राहून डोळे पुसत होती. इकडं एक, तिकडं चार, मग मला दिसेनाच, कारण माझ्या डोळ्यांत सगळं पाणी आलतं. रामेश्वरनं शीळ मारली आणि मांडवानं अशा टाळ्या वाजवल्या, अशा टाळ्या, की कनात हलली.

हजेरीची वही घेतलेला स्वयंसेवक वाकत वाकत आमच्यापाशी आला. "लवकर सांगा, शिरूरचे किती उभे आहेत?"

"पाच," मी म्हणाले.

समाधाननं मांडवात अजून उभ्या असलेल्या पोरांकडं बघितलं, माझ्या हातातली पाटी घेतली आणि स्वतः वर धरली.

"पाच कावून?" तो म्हणाला. "नीट मोज की, आम्रे."